जुनं इंजिन, परका कार्बोरेटर

प्रीमियर पद्मिनीच्या कार्बोरेटरमधला मेन जेट काढून तळहातावर ठेवला, तर तो हरभऱ्याच्या दाण्याहून फार मोठा भरत नाही. पितळेचा, डोक्यावर पेचकसाची खाच, मधून आरपार भोक आणि अंगावर बारीक कोरलेला आकडा. आकडा १२० असेल तर भोकाचा व्यास १.२० मिलिमीटर. चार माणसं आणि डिकीभर सामान घेऊन गाडी कात्रजचा घाट चढते, तेव्हा इंजिनात जाणारं जवळजवळ सगळं पेट्रोल या एका भोकातून येतं. १२०च्या जागी १२५चा जेट बसवला, म्हणजे भोक केसभर वाढवलं, की त्याचं क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं.

पुण्यात जुन्या फियाट आणि पद्मिनी पुन्हा उभ्या करण्याची हौस आता चांगलीच रुजली आहे. वडिलांनी नंबर लावून घेतलेली गाडी मुलगा बाहेर काढतो, इंजिन खोलतो, बोअर करतो, हेड घासून घेतो, जमलं तर कॅम बदलतो. मग प्रश्न येतो कार्बोरेटरचा. चार जुन्या गाड्या एकत्र आल्या आणि बॉनेट उघडली, की बोलणं याच्यावरच येतं: वेबर लावला का, जिप्सीचा बसतो का, मूळ सोलेक्सच ठेवावा का. कोणता कार्बोरेटर याची चर्चा तासभर चालते. आत जेट कोणता, फ्लोटची पातळी किती, पॉइंटची गॅप किती, याला पाच मिनिटंही मिळत नाहीत. माझ्या मते पुण्याच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचं सुखदुःख या पाच मिनिटांतच आहे. त्यात पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आल्यापासून तर जुनी सगळी सेटिंग पुन्हा तपासायची वेळ आली आहे.

आधी गाडीबद्दल थोडं. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाटच्या परवान्यावर ११०० मालिकेच्या गाड्या निघाल्या, १९६४मध्ये ११०० डिलाइट आली, सत्तरच्या दशकात तीच प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली. इंजिन शेवटपर्यंत जवळपास तेच राहिलं: चार सिलिंडर, ६८ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक, १०८९ सीसी. वर एका नळीचा सोलेक्स. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी याच इंजिनावर अर्धं आयुष्य काढलं. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून उतरली. टॅक्सी होत्या तोवर सुट्या भागांना गिऱ्हाईक होतं आणि सोलेक्सची दुरुस्ती डोळे मिटून करणारे हातही होते. आता दोन्ही विरळ झाले आहेत. कार्बोरेटर बदलण्याकडे ओढा वाढला त्याला हेही एक कारण आहे. प्रत्येक जण ताकदीसाठी बदलत नाही. झिजलेल्या सोलेक्सला वैतागून बदलणारेही पुष्कळ आहेत.

सोलेक्स झिजतो तो बहुतेक थ्रॉटलच्या दांडीपाशी. ही दांडी बॉडीच्या दोन भोकांत फिरते. भोकं मोठी झाली की तिथून चोरटी हवा आत जाते आणि कितीही स्क्रू फिरवला तरी गाडी एका आयडलवर टिकत नाही. बोटाने दांडी वरखाली हलवून पाहा. खळखळ जाणवली तर जेट बदलण्यात अर्थ नाही, चांगल्या टर्नरकडून पितळी बुश बसवून घ्यावा. या एका कामाने पुष्कळ सोलेक्स पुन्हा कामाला लागतात, आणि मूळ गाडी मूळ रूपात ठेवायची असेल तर मी हाच मार्ग सुचवेन.

बदलायचाच ठरवला तर आपल्याकडे तीन वाटा दिसतात. पहिली मारुतीच्या घराण्याची: ८००, झेन, जिप्सी, एस्टीम यांचे मिकुनी पद्धतीचे दोन नळ्यांचे कार्बोरेटर, जे चेन्नईच्या युकालने बनवले. हे मिळतात, परवडतात आणि आतले भाग मिस्त्रींच्या ओळखीचे आहेत. दुसरी वेबरची, बहुतेक ३२/३६ हा दोन नळ्यांचा खाली वाहणारा प्रकार. एदोआर्दो वेबर यांनी बोलोन्यात सुरू केलेल्या कारखान्याचं हे अपत्य, आता स्पेनमध्ये बनतं, आणि त्याच्या चिनी नकला त्याहून जास्त विकल्या जातात. तिसरी वाट आडव्या जोडकार्बोरेटरची, शर्यतीच्या गाड्यांना शोभणारी. शोलावरमच्या धावपट्टीवर पद्मिनी शर्यतीत पळवल्या जात, तेव्हापासून या वाटेचं आकर्षण टिकून आहे. ताशी तीस किलोमीटरने कर्वे रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीला तिचा उपयोग नाही, म्हणून ती इथेच सोडतो.

आता मोठा कार्बोरेटर लावला की ताकद वाढते, हा समज. कागदावर हिशेब मांडून पाहू. १०८९ सीसीचं चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा भरतं. ५५०० आरपीएमला, ऐंशी टक्के भरतं असं धरलं, तर सेकंदाला सुमारे ४० लिटर हवा लागते. २००० आरपीएमला लागते साडेचौदा लिटर. कार्बोरेटरच्या गळ्यातून ही हवा वेगाने जाते तेव्हा तिथला दाब उतरतो आणि त्या उतरलेल्या दाबामुळे जेटमधून पेट्रोल वर ओढलं जातं. दाबाचा हा उतार वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. गळा २४ मिलिमीटरचा असेल, तर २००० आरपीएमला पूर्ण थ्रॉटलवर हवेचा वेग सेकंदाला ३२ मीटर पडतो. वेबर ३२/३६चे गळे २६ आणि २७ मिलिमीटरचे असतात. दोन्ही एकदम उघडले तर त्याच आरपीएमला वेग १३ मीटरवर येतो. म्हणजे पेट्रोल ओढणारा जोर सहाव्या हिश्श्यावर उतरला. म्हणूनच सिग्नलवरून सुटताना ॲक्सिलरेटर दाबला की गाडी घोट घेतल्यासारखी थांबते आणि मग उचलते. ३२/३६ला हे टळावं म्हणून दुसरी नळी उशिरा उघडण्याची योजना आहे. ती नीट जुळवली तर हा कार्बोरेटर गोड चालतो. पण जोडणीच्या तारेने किंवा लिंकेजने दुसरी नळी लवकर उघडत असेल, तर पैसे खर्चून गाडी आणखी मंद केल्यासारखं होतं.

इंजिन किती बदललं आहे, याचाही भाबडा अंदाज बांधला जातो. बोअर ६८वरून ६९ केला म्हणजे इंजिन १०८९वरून ११२२ सीसीवर गेलं, जेमतेम तीन टक्के. एवढ्याने जेटला फारसा फरक पडत नाही. खरा फरक पडतो कॅमने. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी जास्त काळ उघडे ठेवणारा कॅम लावला की आयडलला मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम उतरतो, आयडलच्या बारीक वाटेतून पेट्रोल ओढणारं बळ कमी पडतं आणि गाडी लुटलुटत उभी राहते. मग मिस्त्री थ्रॉटलची चकती जरा जास्त उघडी ठेवतो. तशी ती उघडली की चकतीच्या कडेला असलेली बारीक भोकं, जी पुढच्या टप्प्यासाठी राखलेली असतात, आयडललाच पेट्रोल देऊ लागतात. ओळखायची खूण सोपी आहे: मिश्रणाचा स्क्रू पूर्ण आत फिरवला तरी इंजिनाच्या आवाजात काहीच बदल झाला नाही, तर समजा की पेट्रोल दुसऱ्याच वाटेने येतं आहे. उपाय स्क्रूवर नाही. आयडलचा टायमिंग थोडा वाढवून चकती पुन्हा बंद करावी लागते, किंवा चकतीला छोटं भोक पाडून हवा तिथून द्यावी लागते.

टायमिंगचा विषय निघालाच आहे तर सांगतो. कार्बोरेटरच्या म्हणून आणलेल्या तक्रारींपैकी निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ मला इग्निशनमध्ये सापडलं आहे. पॉइंट जळलेले, कंडेन्सर कमजोर, डिस्ट्रिब्युटरच्या दांडीला ढिलाई, व्हॅक्यूमच्या डब्याचा पडदा फाटलेला. कार्बोरेटर बदलताना यात आणखी एक भर पडते. जुन्या सोलेक्सला व्हॅक्यूमची नळी थ्रॉटलच्या चकतीच्या वरच्या बाजूला असते, त्यामुळे आयडलला तिथे ओढ नसते. नव्या कार्बोरेटरवर समोर दिसेल त्या नळीला रबरी पाइप जोडला आणि ती चकतीखालची निघाली, तर आयडललाच टायमिंग पुढे जातो आणि आयडल स्क्रूने खाली आणायची धडपड सुरू होते. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी टॅपेट, मग कॉम्प्रेशन, मग पॉइंट आणि टायमिंग, आणि या तिन्हींची खात्री पटल्यावरच कार्बोरेटरचं झाकण.

परक्या कार्बोरेटरची बोल्टची भोकं जुळत नाहीत, म्हणून मधे ॲल्युमिनियमची ॲडॅप्टर प्लेट येते. ही प्लेट लेथवाल्याकडून करून घेतात आणि इथेच बरीच भानगड होते. पृष्ठभाग सपाट नसेल तर पॅकिंग लावूनही हवा शिरते. काचेवर पॉलिश पेपर पसरून त्यावर प्लेट घासावी, चकाकी सगळीकडे सारखी येईपर्यंत. प्लेटमधलं भोक आणि खालची वाट यांच्यात पायरी राहिली, तर मिश्रणाचे थेंब तिथे साचतात. बसवल्यावर इंजिन चालू ठेवून जोडाच्या कडेने कार्बोरेटर क्लीनरचा हलका फवारा मारावा. आवाज बदलला तर जोड गळतो आहे. आणि ॲल्युमिनियमने हेडची उष्णता वर चढते, म्हणून त्याच्याबरोबर बेकलाइटचा जाड तुकडाही हवा.

उष्णता पुण्यात क्षुल्लक नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीजवळ जातो. ट्रॅफिकमध्ये उभ्या गाडीच्या बॉनेटखाली याहून कितीतरी जास्त. पेट्रोल पंपातच वाफ धरते आणि गाडी बंद पडते. पंपावर ओलं फडकं टाकून बोरघाटात थांबलेल्या फियाट एका पिढीने पाहिल्या आहेत. काही जण यावर उपाय म्हणून इलेक्ट्रिक पंप लावतात. उपाय चांगला, पण पंपाचा दाब पाहून घ्यायला हवा. वेबरच्या सुईला तीन पीएसआयच्या आसपासचा दाब झेपतो. इंजेक्शनच्या गाडीचा पंप त्याच्या दहापट जोर लावतो. सुई बिचारी उघडी पडते, फ्लोट चेंबर भरून वाहतो आणि गरम एक्झॉस्टवर पेट्रोल ठिबकायला लागतं. इथे आग लागू शकते, म्हणून दाब कमी करणारा रेग्युलेटर बसवल्याशिवाय असा पंप लावू नये.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो. पद्मिनीवर दोन नळ्यांचा कार्बोरेटर बसवून घेतला होता. पहिल्या आठवड्यात गाडी खुशीत होती, मग ॲव्हरेज लिटरला अकरावरून आठवर आला आणि प्लग काजळीने काळे ठिक्कर निघू लागले. ज्या गॅरेजात काम झालं होतं तिथे विचारलं तर उत्तर आलं, "साहेब, मोठा कार्बोरेटर आहे, थोडं जास्त खाणारच." घरी येऊन मेन जेट काढला. आकडा ११५. जुळणारा वाटला. तरी मनात शंका होती, म्हणून बारीक ड्रिलचा संच काढला आणि मागच्या बाजूने एकेक ड्रिल हाताने सरकवून पाहिला. १.१५ सैल गेला. १.२० सैल गेला. १.३० अलगद बसला. अंगावरचा आकडा जुना होता, भोक कुणीतरी नवं पाडलं होतं. क्षेत्रफळात २८ टक्के वाढ. जेट उजेडाकडे धरला तर भोकाच्या कडेला ड्रिलचे ओरखडे दिसत होते. नवा ११५चा जेट घातला आणि गाडी जागेवर आली. तेव्हापासून मी कोणत्याही जेटच्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही, ड्रिलने तपासतो. नाना पेठेत घेतलेला असो की बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात सापडलेला. मोठं भोक झाळून बुजवायचं आणि त्यात नवं पाडायचं, ही आपल्याकडची जुनी युक्ती आहे. नवे जेट मिळत नव्हते तेव्हा तिच्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पण ती करणाऱ्याने निदान जुना आकडा खोडावा.

झाकण उघडलंच आहे तर फ्लोट काढून कानाशी हलवून पाहावा. पितळी फ्लोटला सुईएवढं छिद्र पडलं की आत पेट्रोल शिरतं आणि ते हलवल्यावर ऐकू येतं. जड झालेला फ्लोट वेळेवर वर येत नाही, पातळी चढते आणि सगळ्याच टप्प्यांचं मिश्रण दाट होतं. मग आयडलपासून मेन जेटपर्यंत सगळं चुकलेलं भासतं, चुकलेलं एकच असतं. ॲक्सिलरेटर पंपही असाच पाहता येतो. इंजिन बंद, एअर फिल्टर काढलेला, गळ्यात नजर. थ्रॉटल हाताने हळूच उघडताच पहिल्या हालचालीला बारीक धार सुटली पाहिजे. ती उशिरा आली तर झटका तिथेच आहे, जेट बदलून जाणार नाही.

आता इथेनॉल. फेब्रुवारी २०२३मध्ये ई२० विक्रीला आलं आणि २०२५पर्यंत देशभरातल्या मिश्रणाचं प्रमाण वीस टक्क्यांवर पोहोचलं. पश्चिम महाराष्ट्राच्या उसाशी या इंधनाचं नातं आहे, त्यामुळे आपल्याकडे त्याच्याबद्दल बोलताना मन दोन्हीकडे ओढलं जातं. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर ते चांगलं. १९७८च्या कार्बोरेटरच्या बाजूने पाहिलं तर हिशेब असा: एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो. वीस टक्के मिश्रणाला साडेतेरा. जेट तोच ठेवला तर इंजिनाच्या दृष्टीने मिश्रण सुमारे आठ टक्के पातळ झालं. इंजेक्शनच्या गाडीतला सेन्सर हे ओळखतो आणि दुरुस्त करतो. कार्बोरेटरला ते कळत नाही. आठ टक्के म्हणजे जेटच्या एका पायरीएवढं, १२०च्या जागी १२५.

इथे एक गंमतीची गोष्ट घडते, आणि तिच्यामुळेच लोकांच्या अनुभवात इतकी तफावत आहे. ज्याची गाडी आधीच दाट चालत होती, तिला ई२०ने आपोआप ठिकाणावर आणलं. तो सांगतो, मला काही त्रास नाही, उलट प्लग स्वच्छ राहतात. ज्याने गाडी ॲव्हरेजसाठी आधीच पातळ ठेवली होती, तिला झटके येऊ लागले, इंजिन तापू लागलं. तो सांगतो, या पेट्रोलने गाडी खराब केली. दोघंही खरं बोलतात. म्हणून दुसऱ्याच्या जेटचा आकडा उचलून आपल्या गाडीला लावू नये.

त्यात पुण्याची उंची. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर वर आहे. इथली हवा मुंबईपेक्षा पाचेक टक्के विरळ, आणि कार्बोरेटरचं मिश्रण हवेच्या घनतेच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतं, म्हणजे पुण्यात ते अडीच-तीन टक्के दाट होतं. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर, तिथे सहा-सात टक्के दाट. जेटचा जुना आकडा शुद्ध पेट्रोल आणि समुद्रसपाटी धरून आलेला असला, तर ई२०चा पातळपणा मुंबईत पूर्ण जाणवतो, पुण्यात थोडा कमी आणि महाबळेश्वरला जवळजवळ नाहीसा होतो. मुंबईत झटके देणारी गाडी वेण्णा तलावापाशी शांत चालते, ती थंड हवेमुळे असं मानतात. थंडीने हवा दाट होते आणि मिश्रण उलट पातळ होतं. तिथे कामाला येते ती उंची.

इथेनॉलची दुसरी बाजू मुरलेल्या पाण्याची. ते हवेतला ओलावा शोषतं. पावसाळ्याचे चार महिने कव्हरखाली उभ्या राहिलेल्या गाडीचा फ्लोट चेंबर दसऱ्याला उघडला, तर तळाला पांढरी भुकटी आणि जेटवर हिरवट थर दिसतो. जुने रबरी पाइप फुगतात, आतून सुटलेले कण सुईखाली अडकतात आणि ओव्हरफ्लो सुरू होतो. इथेनॉल सोसणारे पाइप, पंपाचा नवा पडदा आणि दर पंधरा दिवसांनी अर्धा तास फेरफटका, एवढं केलं की बराचसा त्रास टळतो. पावसाळाभर उभी ठेवायचीच असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवावा.

ई२०चा एक फायदा मात्र बदललेल्या इंजिनाच्या मालकांनी घ्यायला हवा. त्याचा ऑक्टेन ९५ आहे, साध्या पेट्रोलचा ९१ होता. पद्मिनीचं मूळ इंजिन कमी ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी बेतलेलं, कमी कॉम्प्रेशनचं. हेड घासून कॉम्प्रेशन माफक वाढवलं असेल, तर नॉक न होता टायमिंग थोडा पुढे घेता येतो आणि इथेनॉलमुळे लिटरमागे गेलेली सहा-सात टक्के ऊर्जा काही अंशी परत मिळते. हेड उघडलं असतानाच एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटही कठीण धातूच्या बसवून घ्याव्यात. सन २०००मध्ये शिसंयुक्त पेट्रोल बंद झालं, तेव्हापासून मऊ सीट शिशाच्या आधाराविना झिजत आहेत.

शिसं गेलं त्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली, तिची दखल फारशी घेतली जात नाही. प्लगचा रंग बघून मिश्रण सांगायची विद्या शिशाच्या काळात तयार झाली. बिस्किटाचा तो प्रसिद्ध तांबूस रंग पुष्कळसा शिशाच्या थरामुळे येत असे. आजच्या पेट्रोलवर प्लग नीट चालत असतानाही फिकट, जवळजवळ पांढरा दिसतो, आणि जुना जाणकार त्याला पातळ समजून जेट वाढवतो. काळी काजळी आजही खरं बोलते, पांढरेपणावर निदान करू नये. भरधाव चढावर इंजिन बंद करून प्लग बघायचा जुना प्रकार तर आजच्या कात्रजच्या रहदारीत कुणी करूच नये.

मग मोजायचं कशाने? याच शहरात वेताळ टेकडीच्या उतारावर १९६६पासून एआरएआय आहे, जिथे गाड्यांच्या धुराचं बारीक पृथक्करण होतं. एकट्यादुकट्या मालकाला तिथे जाण्याची गरज उरलेली नाही. सायलेन्सरच्या पाइपला एक बॉस वेल्ड करून त्यात वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर बसवता येतो आणि डॅशबोर्डवर मिश्रण चालत्या गाडीत दिसतं. आयडलला १३ ते १३.५, सपाट रस्त्यावर संथ चालीत साडेचौदाच्या आसपास, पूर्ण थ्रॉटलवर साडेबारा ते तेरा. हे आकडे मीटरच्या पेट्रोलच्या पट्टीवरचे आहेत. मीटर खरं तर लॅम्डा मोजतो आणि त्याला १४.७ने गुणून दाखवतो, त्यामुळे ई२० असलं तरी हीच पट्टी वापरता येते. एका रविवारी पहाटे सासवडचा दिवे घाट धरून पुन्हा खाली आलं, की चढ, उतार आणि सपाटी, तिन्ही टप्प्यांचे आकडे वहीत येतात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मधल्या वेगाला आणि चढाला दोन्हीकडे पातळ असेल तर मेन जेट, फक्त वरच्या आरपीएमला बिघडत असेल तर एअर करेक्टर. दोन्ही एकदम बदलले तर काय कशाने झालं ते कळत नाही.

पीयूसीला हे काम सोपवता येत नाही. त्या तपासणीत आयडलचा धूर पाहतात. भारत स्टेजपूर्व चारचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा तीन टक्के. मर्यादेत बसवण्यासाठी स्क्रू आत फिरवतात, दाखला मिळतो आणि गाडी रस्त्यावर अडखळते, मग स्क्रू परत बाहेर. आयडलचा स्क्रू मेन जेटच्या पेट्रोलला हात लावत नाही, त्यामुळे ॲव्हरेजसाठी तो पिळण्यातही अर्थ नाही. हे एवढं मालकांना पटलं तरी पुष्कळ कार्बोरेटर वाचतील.

कान मात्र टाकून देऊ नका. चेतकच्या काळात घडलेले, पन्नाशी-साठीचे मिस्त्री पुण्यात अजून आहेत. एका सिलिंडरचा आवाज सुस्त आहे हे ते बॉनेट न उघडता सांगतात, आणि हे मीटरला दिसत नाही, तो चारही सिलिंडरची सरासरी दाखवतो. एप्रिल २०२०मध्ये बीएस-६ आलं आणि नव्या दुचाकींमधूनही कार्बोरेटर गेला. या मिस्त्रींच्या हाताखाली आता येणारी पोरं स्कॅनर लावायला शिकतात. मीटर घेऊन त्यांच्याकडे जावं, त्यांना आकडा दाखवावा, त्यांचं ऐकावं. मी पाहिलं आहे, एकदा आकडा आणि आवाज यांचा मेळ डोळ्यांसमोर बसला की हे लोक आपल्यापेक्षा पुष्कळ पुढे जातात.

इंजेक्शन लावून टाका, असंही काही जण सुचवतात. थ्रॉटल बॉडी, पंप, सेन्सर, कंट्रोलर. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आहे, ई२०चा प्रश्नच मिटतो. रोज चाळीस किलोमीटर जाणाऱ्या गाडीसाठी मी विरोध करणार नाही. रविवारी बाहेर पडणाऱ्या गाडीसाठी मात्र मला ते पटत नाही. बिघडलं तर वाईच्या रस्त्यावर दुरुस्त करता येत नाही, आणि चोक ओढून, एक-दोन प्रयत्नांत, थंड सकाळी इंजिन धरतं तो क्षण हा या गाडीचाच भाग आहे.

कायद्याचंही बघायला हवं. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम मूळ रचनेत फेरफार करायला आडकाठी करतं आणि जानेवारी २०१९च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे वाचलं. २०२१च्या व्हिंटेज नियमांत पन्नास वर्षांवरची गाडी वेगळ्या 'व्हीए' मालिकेत नोंदवता येते, पण अट अशी की ती मूळ रूपात असावी, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नसावा. सत्तरच्या दशकाच्या मध्यातल्या पद्मिनी आता या पन्नाशीला पोहोचल्या आहेत. म्हणून कार्बोरेटर बदलणाऱ्या प्रत्येकाला मी एक विनंती करतो. जुना सोलेक्स भंगारात घालू नका. केरोसीनने धुवा, वाळवा, दांडीला तेल लावा, आतल्या प्रत्येक जेटचा आकडा ड्रिलने मोजून पुठ्ठ्यावर लिहा आणि मूळ एअर फिल्टर, मूळ पॅकिंग, चार बोल्ट यांच्यासह डब्यात ठेवा. माझा डबा पत्र्याचा आहे, दिवाळीच्या मिठाईचा. झाकणाच्या आतून गाडीचा नंबर, इंजिनाचा नंबर आणि कार्बोरेटर काढल्याची तारीख पेनाने लिहिली आहे.